खुंटीवरची रोटी

पाहुण्याने रोटीचा शेवटचा तुकडा चहात बुडवला, तेव्हा साओदतच्या लक्षात आलं, ही रोटी आपण वाढलेलीच नाही. तिने ओसरीच्या भिंतीकडे पाहिलं. खुंटीला नुसतंच फडकं लोंबत होतं.

ती तोलिबची रोटी होती. दोन वर्षांपूर्वी कोरियातल्या कारखान्यात कामाला जाताना साओदतच्या नवऱ्याने दारात उभं राहून त्या जाड रोटीचा एक घास दातांनी तोडला होता, आणि उरलेली रोटी त्याच्या आईने फडक्याने खुंटीला टांगली होती. घरचा माणूस लांब निघाला की ओकसुव गावात सगळेच असं करतात. रोटी त्याची वाट बघत राहते, आणि परत आल्यावर ती त्यानेच खायची असते. तोवर तिला कोणी तोंड लावत नाही. लावलं तर काय होतं, हे कोणी उच्चारतसुद्धा नाही. आणि तोलिब येत्या गुरुवारी परतीच्या विमानात बसणार होता.

सगळा घोळ त्या चिनाराने केला. ताश्कंदची माणसं सुट्टीला धरणाच्या तळ्याकडे निघतात आणि ओकसुवच्या फाट्यावरून भुर्रकन पुढे जातात. थांबून करायचं तरी काय? एक म्हातारा चिनार, ज्याच्या पोकळ बुंध्यात खुशाल पंगत बसावी, आणि एक पाणचक्की, अजून दळणारी. रवशन नावाच्या वाटाड्याने मात्र हे बरोबर हेरलं. शहरातले निळे घुमट बघून कंटाळलेल्या परदेशी लोकांना तो इथे आणायचा आणि जेवायला साओदतच्या ओसरीवर बसवायचा. खुंटीवरच्या रोटीची गोष्टही तोच रंगवून सांगायचा. आज नेमक्या दोन बायका चिनाराच्या पोटात शिरल्या त्या बाहेर यायलाच तयार होईनात. रवशन तिथे अडकला, आणि हा उंच, गोरा, भुकेला म्हातारा एकटाच पुढे आला. समोर किटलीत चहा, डोक्यावर रोटी. बिचाऱ्याने दुसरं काय करावं?

तो साओदतकडे बघून लाजत हसला, पोटावरून हात फिरवला. तिने त्याला आणखी चहा ओतला.

तेवढ्यात रवशन आला. त्याची नजर खुंटीवर गेली, मग पाहुण्याच्या दाढीतल्या चुऱ्यावर, आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं. त्या माणसाला काहीतरी सांगायला तो पुढे झाला, तशी साओदतने त्याची बाही धरली.

"एक शब्द बोलू नकोस. घास अजून त्याच्या घशात आहे."

"अहो वहिनी, पण तोलिबभाऊची..."

"पाहुणा आहे तो. जेवू दे सुखाने."

सगळे जेवले, फोटो काढून झाले, मंडळी गेली. मग साओदतने खुंटीवरचं रिकामं फडकं काढलं. रोज सकाळी ओसरी झाडताना ती त्या रोटीपाशी थांबायची. आसपास कोणी नाही असं पाहून नवऱ्याच्या दातांची ती चंद्रकोर न्याहाळायची आणि गालातल्या गालात हसायची. आता तिला सारखं विमानच दिसत होतं. त्यात सासूची धास्ती वेगळीच. बिबिसोरा म्हणजे रोटी पालथी ठेवली तरी घर डोक्यावर घेणारी बाई. शेजारच्या गावी बारशाला गेली होती, संध्याकाळी परतणार होती.

साओदतने तंदूर पेटवला. तशीच गोल रोटी थापली, मधोमध फुलाचा ठसा उठवला, भाजून काढली. चावा घ्यायला ओठांपर्यंत नेली आणि तिचा हात थांबला. सासूला एक वेळ फसवता आलं असतं. विमानाला कसं फसवायचं?

"हे काय चाललंय?" मागून आवाज आला. बिबिसोरा दारातच उभी होती.

आता लपवून उपयोग नव्हता. साओदतने रडत रडत सगळं सांगून टाकलं, चिनारातल्या बायकांपासून दाढीतल्या चुऱ्यापर्यंत, आणि मान खाली घालून बोलणी खायला उभी राहिली. सासूने चपला काढल्या, ती ओसरीवर टेकली आणि तिने रिकाम्या खुंटीकडे एक नजर टाकली.

"पोट नाही ना बिघडलं पाहुण्याचं?"

साओदतने मान वर केली.

मग बिबिसोराने सांगितलं. तोलिबची खरी रोटी पहिल्याच हिवाळ्यात उंदरांनी फस्त केली होती. साओदत तेव्हा माहेरी होती. एकट्या म्हातारीने रडून रडून डोळे सुजवून घेतले. आणि त्याच आठवड्यात तोलिबचा फोन आला. चांगल्या कामावर घेतलंय म्हणाला, वर आपलं पोट सुटल्याची तक्रार करत होता. तेव्हा कुठे तिला हायसं वाटलं. पण नव्या सुनेचा जीव त्या रोटीत अडकलाय, हे तिला दिसत होतं. म्हणून ब्र न काढता तिने दुसरी टांगली. ती जुनी झाली तशी तिसरी.

"उंदरांनी खाल्ली तर माझ्या लेकाचं काही वाकडं झालं नाही, पोरी," ती म्हणाली. "हा तर भुकेला पाहुणा. त्याने खाऊन त्याचं भलंच होईल."

साओदतचा जीव भांड्यात पडला. तिला रडू आवरेना आणि हसूही आवरेना. मग एकाएकी तिला रोज सकाळचं ते चोरून बघणं आठवलं आणि ती कानापर्यंत लाल झाली.

"आई, मग ते दात..."

सासूने गरम रोटी तिच्या हातात दिली. "तो आला की आधी रोटीच मागेल. या खेपेला तू चाव बाई, माझ्या तोंडात आता दात कुठे उरलेत?"