जाईबाईचं म्हणणं

“काय म्हणताहेत त्या?” पाहुण्या बाईंनी गीतांजलीला इंग्रजीत विचारलं.

समोर जाईबाई उभी होती. वलगावहून एस.टी.नं परतवाड्यापर्यंत आणि तिथून जीपनं घाट ओलांडत ती धारणीच्या पुढच्या या पुलावर येऊन पोचली होती. तिला कोणी बोलावलं नव्हतं. पाहुण्यांना हारतुरे देणं चाललं असताना ती गर्दीतून सरळ पुढे आली आणि बोलायला लागली. गार्ड धावला, पण पाहुण्या बाईंनीच हात वर करून त्याला थांबवलं.

पुलाला पैसा परदेशी बँकेचा होता. त्या बँकेची माणसं आज काम पाहायला आली होती. त्यांच्याशी बोलण्याचं काम गीतांजलीवर पडलं होतं. ती अमरावतीला विद्यापीठात बांधकाम व्यवस्थापन शिकत होती आणि सोबत आंतरराष्ट्रीय अभ्यासाची पदवीही करत होती. “दोन्हीचं काय लोणचं घालशीन?” असं तिचे वडील झेंडूच्या वाफ्यातून हसत विचारायचे. ती सांगायची, “बाबा, आता आपल्याकडचे पूल बाहेरच्या पैशानं होतात. दोन्हीकडचं समजणारं कोणी तरी मधात लागते.” प्रशिक्षणासाठी ती या साइटवर आली तेव्हा साइटचे मुख्य, शेखरसाहेब, खूश झाले होते. परीक्षा झाली की नोकरी पक्की, असं त्यांनी सांगून ठेवलं होतं. पदवीसाठी लागणारा प्रशिक्षणाचा दाखलाही त्यांच्याच सहीनं मिळणार होता.

जाईबाईचा मुलगा देवीदास खांबाच्या पायात सळई बांधायचा. तो गीतांजलीच्याच गावचा. पायाचा खड्डा खोल होता आणि त्याची एक बाजू ओली राहायची. तिथे फळ्यांचा आधार लावायला हवा, असं गीतांजलीनं शेखरसाहेबांना सांगितलं होतं. “पाहुणे येऊन जाऊ दे, मग लावू,” ते म्हणाले होते. त्याच आठवड्यात, दुपारच्या जेवणानंतर, ती बाजू ढासळली. माती उपसून देवीदासला वर काढेपर्यंत सगळं संपलं होतं. संध्याकाळी साइटवर एकच गोष्ट सांगितली जाऊ लागली. देवीदास अंघोळीला नदीत उतरला आणि बुडाला. पोलिसांनाही तेच सांगितलं गेलं. काम बंद पडलं तर सगळ्यांच्याच पोटावर पाय येईल, म्हणून कोणी तोंड उघडलं नाही. गीतांजली त्या वेळी खड्ड्याच्या काठावर होती. तिनेही उघडलं नाही. वलगावला देवीदासच्या मातीलासुद्धा ती गेली नाही. जाईबाईसमोर उभं राहायची तिची हिंमत झाली नव्हती.

आता जाईबाईच समोर उभी होती, आणि तिचा आवाज अजिबात चढलेला नव्हता.

“गीता, तू भगवंत भाऊची पोरगी. मी काय म्हणतो थे या बाईले नीट सांग. माह्या देवीदासले पाण्याचं मोठं भेव होतं. तो नदीत काहून उतरन? त्याच्या नाकातोंडात माती होती. म्या आपल्या हातानं काढली. बुडालेल्या माणसाच्या तोंडात इतकी माती कुठून येते?”

शेखरसाहेब गीतांजलीच्या कानाशी आले. “पूल होऊन राहिला म्हणून ही बाई गावाकडून आभार मानते, एवढंच सांग,” ते हलक्या आवाजात म्हणाले. “तुझ्या शिक्षणाचा विचार कर.”

पाहुण्या बाई वाट पाहत होत्या. मागे काँक्रीटचा मिक्सर घरघरत होता.

गीतांजलीनं सांगायला सुरुवात केली. पाण्याचं भय सांगितलं, तोंडातली माती सांगितली. जाईबाईचं बोलणं संपल्यावरही ती थांबली नाही. फळ्या लावल्या नव्हत्या, हे तिनं सांगितलं. आपण स्वतः पाहिलं, हेही सांगितलं. बोलताना तिचा शब्द एकही अडला नाही. शेखरसाहेब मागे सरले आणि नदीकडे बघत उभे राहिले. नोकरी गेली, पदवीचंही काही खरं नाही, हे तिला कळत होतं. तरी इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तिला पुरता श्वास घेता आला. आता काम थांबेल, चौकशी होईल. ती पाहुण्या बाईंच्या चेहऱ्याकडे पाहत राहिली.

चेहरा बदलला नाही. बाईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि तिला जरा बाजूला घेतलं.

“खड्ड्याचं आम्हाला त्याच दिवशी कळलं होतं,” त्या इंग्रजीत, अगदी मायेनं म्हणाल्या. “पण आत्ता हे उघड झालं तर कर्ज थांबेल, आणि पलीकडची गावं आणखी कित्येक पावसाळे तुटलेली राहतील. तू बांधकाम शिकतेस, देशादेशांचे व्यवहारही शिकतेस. तुला हे समजायला हवं. जा, त्यांना धीर येईल असं काही तरी सांग.”

त्या पुढच्या खांबाकडे निघाल्या. शेखरसाहेब घाईनं त्यांच्या बरोबरीनं चालू लागले.

जाईबाई जागची हलली नव्हती. गीतांजली परत आली तशी तिनं तिचं मनगट धरलं.

“इतका वेळ बोलली थे बाई. काय म्हणे?”

गीतांजलीनं खाली पाहिलं. जाईबाईच्या पकडीत जोर होता. तिच्या डोळ्यांत, देवीदास गेल्यापासून कदाचित पहिल्यांदाच, कसली तरी आशा होती.

“तिले माहीत नव्हतं, काकू,” गीतांजली म्हणाली.