अर्धं पान बर्फ

"शेपूट कुठे गेलं?" तिने विचारलं.

"कुणाचं?"

"खेचराचं, बाबा."

"आहे की." बाबांनी कागदावरून मान उचलली नाही. "खेचराला शेपूट असतं, एवढं तरी शिकलोय मी आजवर."

तिने पुन्हा पाहिलं. खेचर उजवीकडे तोंड करून उभं होतं. कान, आयाळ, पुढचे पाय, सगळं केसन् केस रेखलेलं. मागचं अंग मात्र बर्फाच्या वादळात विरून गेलेलं, आणि त्याच्या मागे, डावीकडे, अर्धं पान नुसतं पांढरं. म्हणजे शेपूट त्या पांढऱ्यात होतं. ते बघणाऱ्याने मनाने बघायचं. तिला एकदम पटलं. या वयात एवढं धीट चित्र.

हे खेचर एका जुन्या, जगभर वाचलेल्या कादंबरीतलं; ती बाबांनी तिला लहानपणी मोठ्याने वाचून दाखवली होती. म्हातारं झालं म्हणून परक्याला विकून टाकलेलं एक खेचर डोंगर ओलांडून आपल्या घरी परत येतं. वाटेत एक भटकी कुत्री त्याच्या सोबतीला लागते. या गोष्टीची चित्रकादंबरी करायची, हे बापलेकीचं जुनं वेड. आता कुठे ते मार्गी लागलं होतं. ती मजकूर बेतून द्यायची, बाबा चित्रं काढायचे, आणि मग ती त्या पानांवर अक्षरं लिहायची.

भांडण असायचं ते जागेवरून. डोंगर काढला की त्यावरचा दगडन् दगड काढल्याशिवाय बाबांना चैन पडत नसे. रिकामी जागा म्हणजे कामचुकारपणा, हे त्यांचं ब्रीद. तिची वाक्यं मग मिळेल त्या सांदीकोपऱ्यात अंग चोरून बसत.

"पोटाखाली बोटभर जागा आहे बघ," ते म्हणायचे, "तिथे लाव तुझं पुराण. चित्र बोलतंय ना? मग तू कशाला मध्ये तोंड घालतेस?"

ती निमूट शब्द कापायची. थोडी जागा सोडा, एवढंच म्हणायचं असायचं तिला. पण त्या घरात कुणी काही मागत नसे. ज्याने त्याने ओळखून द्यायचं. नाही दिलं, तर नाही.

आणि शेवटच्या प्रकरणात बाबांनी ओळखलं. आधी थोडी, मग पानागणिक जास्त, डावीकडची जागा मोकळी येऊ लागली. तिने विषय काढला नाही. अशा गोष्टी बोलून दाखवल्या की विटतात. तिने तिथे लिहिलं, पहिल्यांदाच हात मोकळा सोडून. बाबांनी एक शब्द कापायला लावला नाही.

पानं बघून प्रकाशकबाई म्हणाल्या, "आता हात कसा आवरला यांचा? बांधून ठेवलात की काय?"

"त्यांनीच सोडलीय जागा," ती म्हणाली. आपला आवाज शाळकरी मुलीसारखा झालाय, हे तिला जाणवलं.

त्या दुपारी तिने बाबांच्या डाव्या हाताशी चहा ठेवला आणि अक्षरं लिहून पुरं झालेलं पान समोर धरलं. त्यांनी ते बराच वेळ निरखलं.

"झकास. आणि बाईसाहेबांचं लिखाण कुठाय?"

ती हसली. "आहे तेवढं पुरे. चित्र बोलतंय ना, मी कशाला तोंड घालू?"

"शहाणी झालीस," बाबाही हसले. जरा वेळाने म्हणाले, "चहा देणारेस का, की नुसत्या वासावर भागवू?"

"केव्हाचा ठेवलाय. गारढोण झाला." आणि दुसरा करायला ती आत गेली. कामात बुडाले की त्यांना जगाचा विसर पडे.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा न्हाणीघरात कोसळले. डोक्यात उजवीकडे गाठ होती, बहुधा बरेच महिने वाढत असलेली. ती फुटली होती. बाबांनी संध्याकाळ पाहिली नाही.

माणसं आली, गेली. ती सगळ्यांशी नीट बोलली, सगळ्यांना पाणी दिलं. मग शेवटच्या प्रकरणाची पानं तिने भिंतीवर ओळीने लावली आणि रोज त्यांच्यासमोर बसू लागली. बाबा तिला कधी चांगलं म्हणाले नव्हते. पण ही पानं होती. एवढ्यावर आपलं निभेल, असं तिला वाटत होतं. अर्पणपत्रिकेचा मजकूरही ठरला होता: 'बाबांना, जागा दिल्याबद्दल.'

डॉक्टरकाका उशिरा आले. बाबांचे बुद्धिबळातले जोडीदार, पण गेले काही महिने लेकाकडे परगावी होते. आल्या आल्या ते भिंतीशी गेले. एकेका पानापुढे थांबत टोकापर्यंत गेले आणि पुन्हा पहिल्या पानाशी आले.

"ही डावी बाजू—"

"माझ्यासाठी सोडलीय," ती म्हणाली. "न मागता."

"तो म्हणाला तसं?"

"म्हणायला कशाला हवं? दिसतंय की."

काकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला नाही. "छान आहे. चहा टाक बघू."

"काका, काय झालं?"

"काही नाही गं."

"तुम्ही डाव हरताना असंच म्हणायचात. सांगा."

ते खाली बसले. "मेंदूत उजवीकडे त्या जागी गाठ असली ना बाळ, की माणसाला डावी बाजू उरतच नाही. डोळे ठणठणीत असतात, पण त्याच्या लेखी पान तिथेच संपतं." त्यांनी भिंतीकडे पाहिलं नाही. "त्याने काही सोडलं नव्हतं. त्याला दिसत होतं तेवढं पान त्याने नेहमीसारखं गच्च भरलं होतं."

ती मग बाबांच्या टेबलाशी गेली, खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला आणि मोठ्याने, स्पष्ट म्हणाली, "बाबा, माझ्यासाठी थोडी जागा सोडा ना."