बारा सेंटीमीटर पाणी

गुरुजी पँट दुमडून ओढा ओलांडून आले आणि थेट तेजश्रीच्या दारात उभे राहिले. पाण्याने त्यांचे जेमतेम घोटे भिजले होते.

"वहिनी, काठावरच्या फळ्यावर तुम्हीच बारा सेंटीमीटर लिहिलंय. मग पलीकडे शाळेत एकही पोर का नाही?"

तेजश्रीने सकाळचा आकडा पुन्हा आठवून पाहिला. ओढ्यातली मोजपट्टी तिनेच रोवलेली. रोज सकाळी ती पट्टी तीनदा वाचायची, करवंटी सोडून धारेचा वेग घड्याळावर मोजायची आणि मगच फळ्यावर लिहायची. आकडा तीसच्या वर गेला की पोरांनी पाण्यात उतरायचं नाही, असं ठरलं होतं. आज वाचण्यात चूक झाली असेल तर?

शेजारच्या सुगंधाकाकू कुंपणाशीच होत्या. तिने विचारलं, "काकू, नातवाला का नाही धाडलं?"

"तुझा आकडा कोण वाचतंय, बाई? तुझ्यासारखी भित्री आई लेकीला पाण्यात उतरवते म्हटल्यावर आम्ही बिनघोर असतो. अख्खी वाडी तेवढंच बघते. आज तुझी ईरा निघाली नाही, म्हणजे वरून लोंढा येतोय."

"अहो, तिला ताप आहे. नव्व्याण्णव."

"आम्ही घाबरू नये म्हणून सांगतेस, कळतं मला."

गुरुजींनी कपाळाला हात लावला. "वहिनी, उद्या तरी तिला पाठवाल ना?"

"छे, तीन दिवस अंथरुणातून उठू देणार नाही."

काकूंनी घराकडे वळून सुनेला हाक दिली, "अगं, सरपण माळ्यावर टाक. पूर तीन दिवसांचा आहे."