ठरलेलं उत्तर

आकाशातल्या अनोळखी दिव्यांबद्दल खासदारांनी विचारलं की उत्तर द्यायचं, हे हवाई दलाच्या लंडन कचेरीतलं माझं काम. दुपारी चहा ओतत होतो, तेवढ्यात कॉर्नवॉलच्या खासदार ट्रेगिअरबाईंचा फोन आला.

"विंग कमांडर, तो उजेड परत आलाय."

मी नेहमीचं वाक्य म्हटलं, "संरक्षणाच्या दृष्टीने दखल घेण्यासारखं काही नाही."

"पुरे झाली पोपटपंची! तो माझ्या अंगणात उतरलाय. आणि हेच वाक्य म्हणतोय, तुमच्याच आवाजात."

मी हसलो.

बाईंनी विचारलं, "खरं सांगा, धोका नाही ना?"

"अजिबात नाही, बाईसाहेब. दार उघडा."

फोनमधून आलेला आवाज माझाच होता. मी मात्र अजून तोंडही उघडलं नव्हतं.

"नका उघडू!" मी ओरडलो.

"नक्की कोणाचं ऐकू?" असं पुटपुटत बाईंनी कडी काढली.