लिंबाचे हात

भैरवगडच्या कारखान्यात दिवसभर कापडावर ठसे मारून निहारिकाचे हात कायम निळे असत आणि त्यांना रंगाचा उग्र वास येई. लेकीच्या, मुक्ताच्या बालवाडीत खेळांना फ्रीगंजच्या श्रीमंत वस्तीतल्या नटलेल्या आया येणार, म्हणून सकाळी तिनं लिंबू घेऊन हात असे काही घासले, की नवरा म्हणाला, "अगं बस कर, चमडी निघेल!" पण डाग गेले, वासही गेला आणि बाईसाहेब ऐटीत मैदानावर पोचल्या.

मॅडमनी लिंबू-चमच्याची शर्यत घेतल्यावर खेळ होता आई ओळखण्याचा. आयांनी रांगेत गप्प उभं राहून हात पुढे करायचे आणि डोळ्यांवर पट्टी बांधलेल्या मुलानं आपली आई शोधायची. मुक्ताची पाळी आली. ती एकेक हात हुंगत पुढे सरकली. निहारिकाचा हात तिनं दोनदा हुंगला आणि म्हणाली, "ह्या तर निंबू-चम्मचवाल्या मॅडम!" आणि लेक तुरुतुरु पुढे गेली.


रांग संपली तसं मुक्तानं भोकाड पसरलं, "सगळ्यांच्या आया आल्या, माझीच नाही आली!"