कडेवरची किंमत

१

"कडेवर किंमत किती?" सी मोंजींनी विचारलं.

विदादने फळ्यावर आयताकृती स्पंद काढला होता. सपाट रेघ, एकदम उभी चढण, वर पठार, तशीच उभी उतरण, पुन्हा सपाट. बाहेर शून्य, आत एक. सफाक्स शहरातल्या कॉलेजच्या या खोलीत, जिथे प्राध्यापकांना आदराने 'सी' म्हणत, आज तिची पदवी ठरणार होती, आणि खडू उभ्या रेघेवर अडला होता.

सी मोंजी वर्गात शिकवत, कडेवर एक. सी हेदी शिकवत, शून्य. या एका टिंबावरून दोघा प्राध्यापकांनी एकमेकांशी बोलणं टाकलं होतं. एकाचं उत्तर दिलं की दुसरा पाडतो, हे सगळ्या कॉलेजला ठाऊक होतं. आज परीक्षक म्हणून दोघंच होते.

"त्यांना सांग, पोरी," सी मोंजी छताकडे बघत म्हणाले, "उंबरठ्यावर पाय ठेवला की माणूस घरात आला."

"आणि त्यांना सांग," सी हेदी खिडकीकडे बघत म्हणाले, "उंबरठ्यावरच्या माणसाचं ताट कुणी वाढत नाही."

½

"अर्धी," विदाद म्हणाली.

तिने उभ्या रेघेच्या बरोबर मध्यावर टिंब काढलं.

"लहरींवर लहरी रचून हा स्पंद पुन्हा उभा केला, तर कडेवर अर्धाच येतो. कडेच्या शेजारी रेघेची टोकं शिंगांसारखी उगारलेली राहतात, कितीही लहरी घाला, ती बसत नाहीत. पण कडेवर अर्धा."

दोघांनी किती वर्षांनी तरी एकमेकांकडे पाहिलं.

"ही अर्धवट कुणाची?" सी हेदींनी सी मोंजींना विचारलं.

"माझी नाही. तुमचीही दिसत नाही."

तिला बाहेर थांबायला सांगितलं.

०

बाकावर आई होती. मांडीवर बकलाव्याच्या मिठाईची परात, वर पांढरं फडकं. पास झाल्याशिवाय ते काढायचं नसतं.

आतून आधी कुजबुज आली, मग खुर्ची सरकल्याचा आवाज, मग आरडाओरडा. दार फटीएवढं उघडलं. सी हेदींनी सांगितलं की पास केलंय, पण प्रबंधातलं कडेचं पान बदलून आणायचं. दोघांच्या सह्या झाल्याशिवाय पदवी नाही.

"बदलून काय लिहू, सी हेदी?"

"ते ठरायचंय."

दार लागलं. आत पुन्हा जुंपली.

"पास की नापास?" आईने विचारलं.

"अर्धी, उम्मी."

आई बंद दाराकडे बघत राहिली. मग तिने परातीवरचं फडकं बरोबर अर्ध्यापर्यंत दुमडलं.