शेजारची जागा

फान्याना म्चुनूनं रिकाम्या खाटेवर बोरीची काटेरी फांदी टेकवली आणि हलक्या आवाजात म्हटलं, "मासिथोले, चल. घरी जाऊ."

खाट खिडकीजवळची होती. रविवारी तो दवाखान्यात आला होता तेव्हा त्याची बायको इथंच उशीला टेकून बसली होती. आज गादी उघडी पडली होती. सकाळी त्यांची मुलगी नोमागुगु डबा घेऊन आली, तेव्हा परिचारिकेनं जाता जाता सांगितलं, खिडकीजवळच्या आजी पहाटे गेल्या. नोमागुगुनं गावी निरोप धाडला. म्हाताऱ्यानं फांदी तोडली आणि पहिल्या गाडीनं शहर गाठलं.

शवागार दुपारी उघडणार होतं. आईला न्हाऊ घालून नेसवायचं म्हणून नोमागुगु मागं राहिली. म्हाताऱ्याला थांबून चालणार नव्हतं. देह मागाहून आला तरी चालतो. माणसाला आधी या फांदीवर बसवून घरी न्यावं लागतं, आणि तेही दिवस मावळायच्या आत. नोमागुगुनं बापाचा फोन काढून घेतला. वाटेत कुणीही बोललं तरी उत्तर द्यायचं नाही, फक्त आईशी बोलायचं, मागं वळून बघायचं नाही, हे तिनं पुन्हा एकदा बजावलं. ते त्यालाही ठाऊक होतं. दुसऱ्या कुणाशी एक शब्द जरी निघाला तरी ती वाटेतच उतरेल, मग घर शोधत फिरत राहील. नातवंडांच्या स्वप्नात येऊन रडेल.

गावाकडे जाणाऱ्या मोठ्या टॅक्सीत त्यानं दोन जागा घेतल्या. एक स्वतःसाठी, एक तिच्यासाठी. एक शहरी मुलगी त्या मोकळ्या जागेपाशी येऊन म्हणाली, "आजोबा, सरका की जरा." त्यानं नुसतंच काकुळतीनं तिच्याकडे पाहिलं. मागच्या बाकावर कोंबड्या घेऊन बसलेली बाई खेकसली, "पोरी, डोळे शहरात ठेवून आलीस का? आजी बसल्यात तिथं." मुलीनं फांदी पाहिली. गुडघा वाकवून तिनं दोघांची माफी मागितली आणि मागं जाऊन बसली.

गाडी डोंगराला लागली. म्हातारा फांदीशी बोलत राहिला. हे वळण, तो चहाचा ठेला, इथं आपली बस बंद पडली होती. लग्नातलं घोंगडं तिनं रस्त्यात अडलेल्या एका बाळंतिणीला देऊन टाकलं होतं आणि तो कितीतरी दिवस रुसून बसला होता, तेही त्यानं सांगितलं. सांगताना तो मध्येमध्ये थांबत होता. जिवंतपणी तिनं त्याला एकही गोष्ट पुरी करू दिली नव्हती. असं नव्हतंच ते, म्हणत मध्येच तोडायची. आज शेजारून काहीच कळेना. नुसता गारवा येत होता. त्यानं जागेवर हात ठेवून पाहिला. थंडीतल्या नदीच्या दगडासारखी लागली.

ती आलीच नसेल तर?

तिची रोजची प्रार्थना तो मनातल्या मनात म्हणू लागला. नदीच्या पुलावर गाडी आली तेव्हा तो म्हणाला, "थुकेला ओलांडतोय, मासिथोले." मांडीवरची फांदी एकाएकी जड झाली आणि खिडकीकडे कलली. नवा माणूस नदी बघायला वाकावा तशी. म्हणजे कुणीतरी होतं. त्याला हायसं वाटायला हवं होतं. पण अंगावर काटा आला.

घरी सगळे अंगणात मुक्यानं उभे होते. आजीच्या पायाशी झोपणारा कुत्रा गुरगुरत मागं सरला. नात लिंदिवेनं त्याला ओढून बांधलं. गोल झोपडीच्या दारात फांदीचा काटा छपराच्या गवतात अडकला. "आत ये," म्हातारा पुन्हा पुन्हा म्हणाला, "तुझंच घर आहे." बऱ्याच वेळानं काटा सुटला. तिनंच शेणानं सारवलेल्या जमिनीवर, मागच्या भिंतीशी, जिथं पूर्वज बसतात तिथं, त्यानं फांदी ठेवली. एकेकाचं नाव घेऊन सांगितलं, मासिथोले आली आहे, तिला जागा द्या.

आता बोलायला मोकळीक होती. तो खाली बसून रडला.

मग ज्वारीच्या बिअरचं मडकं फिरलं आणि तिच्या आठवणी निघाल्या. मुलगा म्हणाला, भांडं रिकामं दिसलं की आईचं जेवण आधीच झालेलं असायचं. लिंदिवे म्हणाली, माझ्या मैत्रिणी आल्या की आजी आपलं अंथरूण त्यांना देऊन चुलीपाशी पडायची. म्हाताऱ्याच्या थोरल्या बहिणीचं तिच्याशी कधी पटलं नव्हतं. ती म्हणाली, "मला चटई द्यायची, आपण मातीत बसायची. भांडायला जागाच ठेवायची नाही मेली." सगळे हसले. म्हाताराही हसला. दिवसभराची भीती जरा सैल झाली.

फाटकाशी मोटार थांबली. देह आला असं समजून सगळे उठले.

नोमागुगु उतरली. तिचा चेहरा राखेसारखा झाला होता. तिनं वळसा घालून पलीकडचं दार उघडलं. काठी टेकत मासिथोले खाली उतरली.

लिंदिवे दाराची चौकट धरून खाली बसली. नोमागुगु तुटक तुटक सांगत होती. शवागारात भलतीच बाई होती. आई पलीकडच्या खोलीत होती, परवाच तिनं खाट बदलून घेतली होती. बापाचा फोन तिच्याचजवळ होता. बाकीच्यांना किती फोन लावले, पण सकाळनंतर इथं डोंगरात एकही लागला नाही.

मासिथोलेनं झोपडीत डोकावून पाहिलं. मडकं पाहिलं. मागच्या भिंतीशी ठेवलेली फांदी पाहिली.

"नीट आणलंस ना तिला?" तिनं नवऱ्याला विचारलं.

त्यानं वळून फांदीकडे पाहिलं.

"तिचं कुणीच नव्हतं रे," ती म्हणाली. "म्हणून खिडकीजवळची खाट दिली. तिला सांगून ठेवलं होतं, माझा म्हातारा फांदी घेऊन येईल. मासिथोले म्हणून हाक मारेल. तू ओ दे."